दोष एकट्या टायबेरियसचा?

रोमचा दुसरा सम्राट टायबेरियस याचे नाव निघाले की काप्री बेटावरील त्याच्या विलासांच्या कहाण्या हटकून आठवतात. स्युटोनियसने त्या चवीने नोंदविल्या आणि पुढील पिढ्यांनी त्या अधिकच चवीने वाचल्या. त्या खऱ्या असोत वा खोट्या, त्यांच्यामुळे मूळ प्रश्न झाकला जातो. सहाशे सभासदांची सिनेट, कायद्याची प्राचीन परंपरा, दरवर्षी बदलणारे कॉन्सल हे सारे जागच्या जागी असताना रोमवर दहशत बसली कशी?

इ. स. १४ मध्ये सत्तेवर आलेला टायबेरियस राज्यकर्ता म्हणून नालायक खचितच नव्हता. इ. स. १७ मध्ये आशिया प्रांतातील बारा नगरे भूकंपाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा एकट्या सार्डिसला त्याने १ कोटी सेस्टर्स देऊ केले व ५ वर्षांचे कर माफ केले. इ. स. ३३ मध्ये कर्जव्यवहार कोलमडू लागताच १० कोटी सेस्टर्स ३ वर्षांसाठी बिनव्याजी उपलब्ध करून दिले. 'राष्ट्रपिता' हा किताबही त्याने नाकारला.

मग बिघडले कोठे? 'मायेस्तास' नावाच्या कायद्यात. रोमन जनतेच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या कृत्यांसाठी असलेला हा कायदा ऑगस्टसच्याच काळात शब्दांनाही लागू होऊ लागला होता. सरकारी वकील ही संस्था रोममध्ये नव्हती. फिर्याद कोणाही नागरिकाने करावी आणि आरोप सिद्ध झाल्यास आरोपीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा पदरात पाडून घ्यावा, अशी रीत होती. खबरेगिरी हा किफायतशीर धंदा झाला यात नवल ते काय! परंतु निवाडा करीत असे ती बहुतेक वेळा सिनेट. इ. स. १६ मध्ये लिबो ड्रुसस या तरुण सरदाराने निकालापूर्वीच आत्महत्या केली. आपण त्याच्या जिवासाठी रदबदली केली असती, असे सम्राट शपथेवर सांगत राहिला. सिनेटने मात्र त्याची मालमत्ता फिर्यादींत वाटली आणि त्याच्या मृत्यूचा दिवस सण म्हणून पाळण्याचा ठराव केला.

इ. स. २५ मध्ये पाळी आली इतिहासकार क्रेम्युशियस कॉर्डस याची. ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला अखेरचा रोमन म्हटले, हा त्याचा अपराध! त्या दोघांना मरून तेव्हा सहा दशके उलटून गेली होती. कॉर्डसने अन्नत्याग करून देह ठेवला. सिनेटने त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला. त्याची कन्या मार्सिया हिने प्रती लपवून ठेवल्या आणि कॅलिगुलाच्या राज्यात त्या पुन्हा लोकांपुढे आल्या. सिनेटला जे जमले नाही ते एका स्त्रीने केले.

सिनेटर भयभीत होते, हे खरे. अनेक घराणी त्यांच्या डोळ्यांदेखत धुळीस मिळाली होती. पण भीती मौनाचे समर्थन करील, सणाच्या ठरावाचे नव्हे. टायबेरियसवर कोरडे ओढणारा टॅसिटस पुढे डोमिशियनच्या काळात (इ. स. ८१ ते ९६) स्वतः सिनेटर होता. त्या काळातील छळात सिनेटचेही हात होते, ही कबुली त्याने दिली आहे. त्याचा सम्राटद्वेष वाचणाऱ्यांनी ती कबुलीही वाचावी.

क्लॉडियसच्या काळात अडगळीत पडलेला हा कायदा इ. स. ६२ मध्ये नीरोच्या राज्यात पुन्हा बाहेर निघाला. सम्राटाची निंदा करणाऱ्या कविता रचल्याबद्दल अँटिस्टियस या प्रीटरला देहदंड द्यावा, अशी सूचना आली. थ्रेसिया पीटस उठला आणि त्याने हद्दपारीची शिक्षा सुचविली. एक माणूस बोलताच बहुमत त्याच्या बाजूस गेले. नीरो चडफडला, पण त्याने निर्णय मोडला नाही. चार वर्षांनी त्याच सिनेटने थ्रेसियाला मृत्युदंड फर्मावला. तो तीन वर्षे सभेस आला नाही, हाही त्याच्यावरील एक आरोप होता. दोघा प्रमुख फिर्यादींना प्रत्येकी ५० लाख सेस्टर्स मिळाले.