वहिनींची कढई आणि चोवीस तासांचे स्टेटस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने चाळीस वर्षे ती पायरी चढण्या-उतरण्यावरच प्रपंच चालवला, त्याने हे वाक्य दिवाळी अंकात लिहावे, याला काय म्हणावे? पण वाचकहो, वकिलाच्या अनुभवाचे सारही अखेर तेच निघते. जो खटला घरच्या ओट्यावर मिटतो, त्यासारखा जिंकलेला खटला नाही. अशाच एका न झालेल्या खटल्याची हकीकत यंदा सांगणार आहे.

आम्ही गोराईला राहतो. खाडीपलीकडच्या गोराई गावात नव्हे. बोरिवलीच्या बाजूला ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने जी वसाहत उभी राहिली, तिच्यात. आमच्या मागल्या गल्लीत एक वहिनी आहेत. यजमानांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी एका कढईवर चकल्या तळायला सुरुवात केली. आज दसरा ते भाऊबीज त्यांच्याकडे चौदा माणसे कामाला असतात. बोरिवली, कांदिवली, दहिसरच्या किती सोसायट्यांची दिवाळी त्यांच्या डब्यांतून जाते, याचा हिशेब त्यांच्या वहीतच सापडेल.

२०२४ च्या दिवाळीला आठ-दहा दिवस उरले असतील. मी सकाळचा चहा घेत होतो, तोच वहिनी आल्या. हाताला बेसन तसेच, डोळे लाल.

"भाऊजी, आत्ताच्या आत्ता एका माणसाला कामावरून काढायचंय. कागद करून द्या."

मी त्यांना बसवले आणि आमच्या सौभाग्यवतींनी चहा पुढे केला, तेव्हा कुठे प्रकरण उलगडले. डबे पोचवणारा एक पोरगा होता, वय असेल बाविसाचे. त्याने आदल्या रात्री आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर एक फोटो टाकला होता. त्यात काळेकुट्ट तेल, आणि खाली मजकूर: आठ दिवसांचे तेल, रात्री अकरापर्यंत राबणूक, दिवाळी मालकिणीची, दिवाळे आमचे!

वास्तविक हे स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसले जाते. पण त्या पोराच्या मोबाइलमध्ये निम्मी गिऱ्हाइके! कुणी तरी त्या चित्राचे चित्र काढून सोसायटीच्या गटावर धाडले आणि सकाळी आठाच्या आत दोन सोसायट्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. पूर्वी नोकर मालकाला शिव्या घाली त्या पानाच्या गादीवर. तिथे चार माणसे ऐकत आणि संध्याकाळपर्यंत विसरत. आता पानाची गादी प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तिला विसरणे ठाऊक नाही.

वहिनींच्या मागण्या तीन होत्या. पोराला आजच्या आज काढायचे, पोलिसांत द्यायचे, आणि बाकीच्या तेरा जणांचे मोबाइल उघडून कोण काय लिहितो ते पाहायचे.

"वहिनी," मी म्हणालो, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! एकेक घेऊ. आधी पोलिस."

मी त्यांना २०१२ ची गोष्ट सांगितली. त्या मे महिन्यात एअर इंडियाच्या दोन केबिन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरापायी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटक केली. बारा दिवस ते कोठडीत होते, वर नोकरीतून निलंबन झाले. ते निलंबन पुढे मागे घेण्यात आले, पण गेलेले बारा दिवस कोण परत देणार? त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी पकडले. त्यांतल्या एकीने तर त्या ओळी नुसत्या पसंत केल्या होत्या! या अटकांच्या मुळाशी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तेव्हा 'मला झोंबले' एवढ्यावर पोलिसांनी कुणाच्या दारात जावे, ही सोय आता नाही.

"मग बदनामीला काही दादच नाही का?"

"आहे की. न्याय संहितेचे ३५६ वे कलम आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण त्यासाठी बहुधा आपणच दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद घेऊन जायचं असतं. आणि तिथं पहिला प्रश्न येईल तो असा, की त्यानं लिहिलं ते खरं की खोटं?"

वहिनी गप्प झाल्या. मी कागद घेतला आणि त्या मजकुराचे दोन तुकडे केले. एक तेलाचा, एक रात्री अकराचा.

तेलाच्या बाबतीत वहिनी ठाम होत्या, आणि त्यांच्यापाशी पुरावाही होता. तळून तळून तेलात जे बिघडलेले घटक साठतात त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. वहिनी जुने तेल एका पिंपात वेगळे साठवत आणि ते नेणाऱ्याला देऊन पावती घेत. फोटो होता तो त्या पिंपातल्या तेलाचा. म्हणजे हा तुकडा खोटा, आणि धंद्याच्या मुळावर येणारा.

"आणि रात्री अकरा?" मी विचारले.

वहिनी पदराशी चाळा करू लागल्या. "दिवाळीचे दिवस, भाऊजी. अकरा काय, कधी साडेअकराही होतात."

"जादा वेळेचे पैसे?"

"दिवाळी झाली की देणार होते."

म्हणजे हा तुकडा खरा! जादा कामाला दुप्पट दर ही रीत १९४८ च्या कारखाने कायद्यापासून या देशात चालत आली आहे. चकल्यांचा पसारा त्या कायद्याच्या व्याख्येत बसो वा न बसो, न्यायाधीशापुढे 'दिवाळी झाली की देणार होते' हे उत्तर देताना वहिनींची मान ताठ राहिली नसती. खऱ्या गाऱ्हाण्याची शिक्षा खोट्या वाक्याच्या नावाखाली देऊ गेले, की कोर्टाला त्याचा वास येतोच.

आता कामावरून काढण्याचे पाहू. या प्रश्नावर आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पुणे जिल्ह्यातल्या हिताची अ‍ॅस्टेमो फाय या कंपनीत वेतनकराराचा वाद चालू असताना एका कामगाराने फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध दोन मजकूर टाकले. चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. चौकशीचे निष्कर्ष कामगार न्यायालयाला पटले नाहीत. पण डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. भाषणस्वातंत्र्याला वाजवीपणाची मर्यादा आहे, आणि चिथावणीचे परिणाम दिसेपर्यंत मालकाने हात बांधून बसले पाहिजे असे नाही, असा त्याचा मथितार्थ.

वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे काढता येतं!"

"पूर्ण ऐका. तिथं आरोपपत्र होतं, चौकशी होती, कामगाराला आपली बाजू मांडायची संधी होती. तुमच्याकडे काय आहे? बेसनाचा हात आणि राग!"

त्या हसल्या. संतापलेले पक्षकार हसले, की निम्मा खटला निकाली निघाला असे मी धरून चालतो.

पुराव्याचेही सांगितले. कुणी तरी धाडलेले चित्र हा नुसता कागद. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर तो कोणत्या यंत्रातून, कसा काढला याचे प्रमाणपत्र लागते. हा नियम पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात. खोतकर आणि गोरंट्याल यांच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले, की असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पूर्वी ते पुरावा कायद्याचे ६५-ब कलम होते. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचे ६३ वे झाले. कलमाचा क्रमांक बदलला, कटकट तीच राहिली.

मोबाइल तपासण्याची मागणी मात्र मी मुळातच खोडून काढली. दुकानाचा मोबाइल असेल तर तो दुकानाच्या कामापुरता पाहता येईल. तोही तसे आधी सांगून. नोकराचा स्वतःचा मोबाइल म्हणजे त्याच्या घरची ट्रंक. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवले. त्यापुढे २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. नोकरीच्या कामासाठी, धंद्यातली गुपिते व नुकसान सांभाळण्यासाठी मालकाने माहिती वापरण्यास त्यात मुभा आहे. पण मुभा म्हणजे दुसऱ्याची ट्रंक उपसण्याचा परवाना नव्हे.

"आणि भाऊजी, आमचा कामाचा गट आहे ना, त्याची अ‍ॅडमिन मी. पोरं तिथं काहीबाही टाकतात. उद्या ते माझ्या माथी येईल का?"

गोंदियाच्या एका प्रकरणात नेमका हाच प्रश्न आला होता. गटातल्या एकाने एका स्त्री सभासदाविषयी अभद्र मजकूर लिहिला आणि गट चालवणाऱ्यावरही गुन्हा नोंदवला गेला. मार्च २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. आधीपासून संगनमत असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिखाणाची फौजदारी जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही, असे सांगितले. तरी मी वहिनींना बजावले, की मालक हा नुसता अ‍ॅडमिन नसतो. दहा किंवा अधिक माणसे कामाला असली, की स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कामाच्या ओळखीतून रात्री-अपरात्री धाडलेला घाणेरडा निरोपही त्या समितीपुढे येऊ शकतो.

"तो गट मला दाखवा पाहू," मी म्हणालो.

त्यांनी दाखवला आणि मी चकित झालो. पहिलेच चित्र होते करपलेल्या चकल्यांचे, आणि खाली वहिनींच्या हातची ओळ: ही पाहा आमच्या बाईंची कारागिरी, असल्या कामचुकारांना पगार कशाला! ज्या बाईविषयी ते होते, ती त्या गटात होती. बाकीच्या तेराही होते.

"वहिनी, त्या पोरानं ही विद्या कुठून उचलली म्हणता?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "ते मी पुसते. आणि तिला हात धरून सांगते, चुकले म्हणून."

दुपारी पोरगा आला. मान खाली. "काका, तीनदा विचारलं काकूंना पैशांचं. आईचं औषध होतं. मग राग आला."

"पैशांचं लिहिलंस ते तुझं गाऱ्हाणं," मी म्हणालो. "पण तेल खोटं होतं, हे तुला ठाऊक होतं ना?"

तो म्हणाला, "होतं."

"त्या एका शब्दानं चौदा जणांची चूल विझली असती. त्यात तुझीही होती."

तो रडला. वहिनीही रडल्या. आमच्या सौभाग्यवतींनी पुन्हा चहा केला. संध्याकाळी त्याच मोबाइलवरून दुसरे स्टेटस गेले: तेलाचे मी लिहिले ते चूक होते, तो फोटो टाकून द्यायच्या तेलाचा होता. वहिनींनी जादा तासांची वही घातली आणि त्या रात्रीच सर्वांचे पैसे चुकते केले. मी एक पानी नियम लिहून दिले. गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, फोटो बाहेर टाकू नयेत. मालाविषयी शंका असेल तर आधी मालकिणीला सांगावे. तासांचे व पैशांचे गाऱ्हाणे वहीत लिहावे, आठ दिवसांत उत्तर मिळेल. गटात कुणीही कुणाचा अपमान करू नये. या 'कुणीही'त मालकीणही आली. खाली सर्वांच्या सह्या, पहिली वहिनींची.

असे नियम हल्ली सरकारलाही करावे लागतात. २८ जुलै २०२५ रोजी राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, खासगी आणि कचेरीचे खाते वेगळे ठेवा, गोपनीय कागद बाहेर टाकू नका, गणवेश नि सरकारी गाडी वापरून चित्रफिती करू नका. १९७९ च्या वर्तणूक नियमांनाच जोडलेले हे नवे शेपूट. ज्यांच्या घरी सरकारी नोकर आहे त्यांनी ते अवश्य वाचावे. मात्र खासगी मालकाने ते जसेच्या तसे भिंतीवर चिकटवू नये. सरकारी नोकर वर्तणूक नियमांनी बांधलेला असतो; चकल्या तळणारी बाई तिने ज्यावर सही केली त्यानेच बांधलेली असते.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. दोन सोसायट्यांपैकी एक परत आली, दुसरी आजतागायत आलेली नाही. खुलासा वाचणारे नेहमीच बातमी वाचणाऱ्यांपेक्षा कमी असतात. पोरगा होळीनंतर दुसरीकडे नोकरीला लागला. जाताना वहिनींनी त्याला दाखला दिला आणि पिशवीभर चिवडा. नव्या मालकाने फोन करून विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, मुलगा कष्टाळू आहे, फक्त त्याचे पैसे वेळेवर देत जा!

वाचकहो, आपल्यातले काही मालक असतील, पुष्कळसे नोकर असतील, आणि मोबाइल तर सर्वांच्याच हातात आहे. मालकांना माझे एवढेच सांगणे, की गाऱ्हाणे ऐकायला घरात कान ठेवला, तर ते चव्हाट्यावर जात नाही. आणि नोकरांना सांगणे, की खऱ्या गाऱ्हाण्याला खोट्याचे ठिगळ लावू नका. त्या ठिगळापायी अख्खे वस्त्र फुकट जाते.

आपणा सर्वांना दिवाळी सुखाची जावो. चकल्या कुणाकडून घ्याव्यात, हे मी वकील असल्यामुळे सांगू शकत नाही. पण आमच्या घरी अजून मागल्या गल्लीतूनच येतात.