प्राध्यापकांनीही शिकायला हवे

शाळेत पहिलीला शिकवायचे तर डी.एड. लागते, टीईटी द्यावी लागते. महाविद्यालयात बी.ए.ला शिकवायचे तर नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावरचे काही प्रश्न असतात, पण भरल्या वर्गासमोर उभे राहून शिकवण्याचा सराव कोणी करून घेत नाही. ज्याला विषय येतो त्याला शिकवताही येते, असे आपण गृहीत धरले आहे.

या गृहीतकाची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या घरात पुस्तके आहेत, तो कसेही शिकवले तरी तरून जातो. उर्दू माध्यमातून बारावी होऊन बी.ए.ला मराठीतून राज्यशास्त्र घेणाऱ्या मुलीचे तसे नसते. तिच्या ‘जम्हूरियत’ची अचानक ‘लोकशाही’ होते आणि ‘आईन’ची ‘राज्यघटना’. तिला कल्पना ठाऊक असते, शब्द ठाऊक नसतो. म्हणून ती गप्प बसते, आणि गप्प बसणारी मुलगी वर्गात ‘कच्ची’ ठरते.

हे बदलू शकणारी यंत्रणा आपल्याकडे जुनीच आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे ती मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनखाली आली. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती आणि औरंगाबादच्या विद्यापीठांत ती उभी राहिली. मालवीय मिशनच्या आठ विषयांपैकी एक आहे विद्यार्थ्यांतील विविधता आणि समावेशक शिक्षण. म्हणजे कागदावर काही कमी नाही.

अडचण पुढे आहे. बढतीसाठी हे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात, म्हणून अनेकांसाठी ते प्रमाणपत्रापुरते उरतात. कॅमेरा बंद ठेवून व्याख्याने ऐकली जातात, प्रमाणपत्र फाइलला लागते आणि सोमवारचा वर्ग पूर्वीसारखाच भरतो. प्रशिक्षणाने वर्गात काय बदलले, हे त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना कोणी विचारत नाही.

समावेशक अध्यापन म्हणजे कोणावर मेहेरबानी नव्हे, आणि पातळी खाली आणणेही नव्हे. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात महत्त्वाच्या संज्ञांची मराठी, इंग्रजी आणि उर्दू यादी द्यावी. गट मुलांवर न सोडता शिक्षकाने पाडावेत, नाहीतर ओळखीचे ओळखीच्यांतच राहतात. गुण कशाला मिळणार, हे आधी सांगावे. सत्राच्या मध्यावर नाव न लिहिता अभिप्राय घ्यावा. मुलांची नावे नीट उच्चारावीत. आणि कुठे दूर काही घडले, तर वर्गातल्या एकुलत्या मुस्लिम मुलाकडे वळून त्याच्याकडून जमातीच्या वतीने उत्तर मागू नये. याचा फायदा आपल्या मुलांनाच नाही, तर आदिवासी पाड्यावरून आलेल्या आणि घरातली पहिलीच पदवी घेणाऱ्या प्रत्येक मुलाला होईल.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिम १४.२ टक्के आहेत. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमधले त्यांचे प्रमाण ४.६ टक्के होते. गरिबी, अंतर, लवकर होणारी लग्ने, भेदभाव अशी याची कारणे अनेक आहेत आणि एकट्या प्राध्यापकाच्या हाती ती सारी नाहीत. पण इतके अडथळे ओलांडून जो वर्गाच्या दारापर्यंत आला, त्याला वर्गानेच परत पाठवणे तरी थांबवता येईल.

हा प्रश्न इतरांना विचारताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. समाजाने चालवलेल्या किती महाविद्यालयांत मुली मागच्या बाकावर गप्प बसतात? तिथे किती शिक्षक वेगळ्या बिरादरीच्या मुलाला त्याच्या आडनावावरून जोखतात? अल्पसंख्याक दर्जा मिळाला म्हणून वर्ग आपोआप समावेशक होत नाही. या संस्थांनीही आपले प्राध्यापक प्रशिक्षणाला पाठवावेत, आणि परत आल्यावर काय बदलले ते विचारावे.

आमच्या तरुण वाचकांपैकी काही जण आज वर्गात बसतात, काही उद्या वर्गासमोर उभे राहतील. बसणाऱ्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे आणि गुणवत्ता कक्षाकडे लेखी मागणी करावी की प्रशिक्षणाचा हिशेब वर्गात दिसू द्या. उभे राहणाऱ्यांनी पहिल्या दिवशी एवढेच आठवावे की आपण कधी गप्प बसलो होतो, आणि का.