कांदा पारखावा चाळीत

कांद्याचं बी घ्यायला गेलात की पहिली गोष्ट कानावर येते ती उताऱ्याची. पण उन्हाळ कांदा आपण चाळीत घालण्यासाठी लावतो. मग हिशेब काढणीच्या दिवशी कशाला? दसऱ्याला करा! समजा, एका वाणाचा एकरी १२० क्विंटल निघाला आणि चाळीत ४५ टक्के गेला, उरला ६६. दुसऱ्याचा १०० च निघाला, पण २५ टक्के गेला, उरला ७५. सांगा, कोणता वाण भारी?

राहुरी विद्यापीठाचा एन-२-४-१ आणि राजगुरुनगरचा भीमा किरण हे टिकाऊ म्हणून नावाजलेले वाण आहेत. तरी तुमची जमीन, तुमचं पाणी वेगळं. म्हणून हे दोन आणि तुमचं घरचं बी, असे तीन वाण थोडे थोडे लावून पाहा. लागण एकाच दिवशी, खत सारखं. प्रत्येकाचे चार वाफे करा, पण सरमिसळ. एकच वाण पाटाच्या तोंडाशी आला तर परीक्षा फसली. प्रत्येकाचा एक वाफा फवारणीवाचून ठेवा. करपा कुणाच्या पातीवर आधी येतो, ते तिथंच कळेल.

निम्म्या माना पडल्या की काढा. शेवटचं पाणी त्याआधी पंधरा दिवस तोडलेलं असावं. जोड कांदा आणि डेंगळे वेगळे काढून तोलून ठेवा, तेही वाणाचंच लक्षण. मान जाड राहिलेला कांदा नीट मिटत नाही, सड तिथूनच शिरते. पातीसकट तीन-चार दिवस सुकवून, इंचभर मान राखून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवा.

मग प्रत्येक वाणाची २० किलोची जाळीची पिशवी भरा. निवडून गोजिरे कांदे भरायचे नाहीत हं! (हा मोह घरोघरी होतो.) पिशव्या चाळीच्या मध्यावर शेजारी शेजारी ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला तोला; सडलेले आणि कोंब आलेले वेगळे मोजून काढून टाका. जून-जुलैच्या दमट हवेत सड वाढते, कोंब त्यानंतर. एखादा वाण सडीला चिवट, पण ऑगस्ट सरता सरता कोंबाळतो. तो गणपतीपूर्वी विकायचा. वहीचं काम घरातल्या बाईकडे द्या, ती खाडा करणार नाही.

पिशवीला वाणाची चिठ्ठी शाईनं लिहू नका, पावसाळी हवेत पुसते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं कोरून तारेनं बांधा.