इतिहास फक्त इतिहासाच्या तासालाच?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून इतिहासाची पुस्तके सर्वांत आधी रद्दीत जातात. मुलगा विज्ञान शाखेला गेला, मुलगी वाणिज्यला. आता सनावळ्यांचे काय काम, असे अब्बांनाही वाटते आणि प्राध्यापकांनाही. हा समज घातक आहे आणि तो आपल्याला इतरांपेक्षा जास्त भोवतो. इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत. एखादी गोष्ट कोणी सांगितली, केव्हा सांगितली, कशासाठी सांगितली आणि दुसरा साक्षीदार काय म्हणतो, हे विचारण्याची ती शिस्त आहे. ही शिस्त संख्याशास्त्राच्या, कायद्याच्या आणि विज्ञानाच्या वर्गात नेली नाही, तर पदवी हाती येते, पण फसवणूक ओळखता येत नाही.

संख्याशास्त्राचेच घ्या. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेचे धर्मवार आकडे प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत मुस्लिमांची वाढ ३६ टक्के, अशी बातमी देशभर झाली आणि तिच्यावर राजकारणही सुरू झाले. प्रत्यक्षात १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. एका आकड्यात तो प्रदेश नाही, दुसऱ्यात आहे, आणि दोहोंची वजाबाकी करून हा दर काढलेला. १९८१ मध्ये आसाममध्येही मोजणी झाली नव्हती. ही दुरुस्ती केल्यावर दर सुमारे २९ टक्के भरला आणि तो आधीच्या दशकापेक्षा कमी झाल्याचे दिसले. २००१ ते २०११ या दशकात तो २४.६ टक्क्यांवर आला. त्याच दशकात हिंदूंचा दर १६.८ टक्के होता. हा फरक झाकण्याचे कारण नाही. पण वेग दोन्हीकडे उतरतो आहे, हे एका वर्षाच्या आकड्यात दिसत नाही, दोन-तीन दशके शेजारी ठेवल्यावरच दिसते. आमच्या किती बी.कॉम. झालेल्या मुलांना हे उत्तर देता येते? भाषण ऐकून ती चिडतात किंवा गप्प बसतात. टक्केवारी काढायला ती शिकलेली असतात. आकड्याचा जन्म विचारायला कोणी शिकवलेले नसते.

कायद्याच्या वर्गात तर याहून वाईट स्थिती आहे. 'मुस्लिम कायदा' हा विषय विद्यार्थी असा पाठ करतात, जणू तो आहे तसा आकाशातून उतरला. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन समाजातील मुलींच्या वारसाहक्काचा प्रश्न आला. कुराणाने दिलेला वाटा बाजूला राहिला आणि न्यायालयाने जमातीचा रिवाज मान्य केला. पुढे १९३७ च्या शरियत कायद्याने रिवाजाऐवजी शरियत आणली, पण वारसाहक्कातून शेतजमीन वगळली. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता, हे खरे. पण त्यात बड्या जमीनदारांची सोय झाली, हेही खरे. इतिहासाचा प्रश्न इथे टोचतो. 'शरियतला हात लावू नका' म्हणणाऱ्या किती घरांत बहिणीचा शेतातला वाटा तिच्या हाती पडतो? कायदा कोणी, केव्हा, कोणाच्या दबावाखाली लिहिला हे कळले, की अल्लाहचा हुकूम कोणता आणि माणसांनी केलेली तडजोड कोणती, हे वेगळे करता येते. या प्रश्नाची भीती भावांना वाटते, दीनला नाही.

विज्ञानात आपण उलट्या बाजूने चुकतो. जलशांत आणि पुस्तिकांत मुस्लिम शास्त्रज्ञांच्या याद्या वाचल्या जातात: बीजगणित आमचे, प्रकाशशास्त्र आमचे. पलीकडचे म्हणतात, शून्य आमचे. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून अल-ख्वारिज्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तसाच हिंदी अंकांवरही लिहिला. त्याआधी ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम मांडले होते. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि प्रत्येक हाताने त्यात भर घातली. इब्न अल-हैसमने टॉलेमीसारख्या थोर ग्रीक पंडितावर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आम्ही त्याचे नाव घेतो, त्याची शंका घेत नाही.

खरे तर ही विद्या आपल्याला परकी नाही. हदीस स्वीकारण्याआधी रावींची साखळी तपासायची, कोण कोणाला भेटला होता, कोणाची स्मृती कशी होती हे पाहायचे, ही इमाम बुखारींची पद्धत होती. १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिणाऱ्या इब्न खल्दूनने हजरत मूसांच्या सहा लाखांच्या सैन्याची कथा मानली नाही. इतकी फौज त्या भूमीवर पोसली कशी जाईल, रणांगणात मांडली कशी जाईल आणि चार पिढ्यांत इतकी प्रजा वाढेल कशी, असे त्याने विचारले. इतिहास तपासायला त्याने भूगोल आणि हिशेब वापरला. आपण आता हिशेब तपासायला इतिहास वापरायला हवा.

यासाठी नवे खाते नको, सरकारी अनुदान नको. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तक्ता फळ्यावर लिहिताना तो कोणत्या वर्षी, कोणी आणि कोठे मोजून केला, एवढे सांगावे. विधी महाविद्यालयात प्रत्येक कलमासोबत त्याची जन्मकथा यावी. आपल्या संस्था चालवणाऱ्यांनी निकालाच्या टक्क्यांबरोबर मुले प्रश्न विचारतात का, हेही पाहावे. आणि मोबाइलवर आलेला मजकूर, तो आपल्या विरोधातला असो की आपल्या कौतुकाचा, पुढे पाठवण्याआधी त्याची सनद विचारावी. जो समाज रावी तपासल्याशिवाय हदीस घेत नव्हता, त्याने अफवा तरी तशीच का घ्यावी?