पूर अडवायचा खर्च कोणाच्या सातबाऱ्यावर?



पूर आला की मंत्र्यांचे दौरे होतात, तलाठी पंचनामे करतो, वर्तमानपत्रांत नदीकाठाचे फोटो येतात. पूर नदीत दिसतो म्हणून सगळे नदीकडेच बघतात. पण पूर नदीत जन्मत नाही. तो जन्मतो वरच्या उतारावर, माळावर, तुमच्या-आमच्या वावरात. नदी हा त्याचा शेवटचा मुक्काम. म्हणूनच पूर अडवायचा कसा आणि त्याचे पैसे भरायचे कोणी, या प्रश्नावर बोलण्याचा पहिला अधिकार कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे. आजवर त्याला कोणी विचारलेले नाही.

आधी हिशेब करू. एका हेक्टरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, एका हेक्टरात! पाचशे हेक्टर शिवाराच्या गावावर पन्नास हजार टँकर. काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी फार सावकाश पिते. उरलेले पाणी उताराची वाट धरते आणि जाताना माती घेऊन जाते. हे पाणी वावरात थोडा वेळ थोपवले, त्याला सावकाश चालायला लावले, तर खालच्या गावाचा लोंढा कमी होतो. मोकाट सोडले तर काय होते, ते वर्धा नदीने ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातल्या मोवाडला दाखवले. २०४ माणसे गेली. उरलेल्या गावाला नव्या जागी बसावे लागले.

आता आमच्या मातीचा हिशेब. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या काठी सोलापूर, धाराशिव, बीड, लातूरकडे हजारो शेतकऱ्यांची जमीन खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारने मदत जाहीर केली: खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे. आकडा मोठा वाटतो. पण एका हेक्टरावरून अर्धा फूट माती गेली म्हणजे पाचशे तीसच्या वर ब्रास माती गेली. ४७,००० ला त्याने भागा. ब्रासमागे नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत. ३ लाखांची कामे पूर्णच्या पूर्ण झाली असे धरले तरी ब्रासमागे साडेसहाशे. एवढ्यात माती भरायची, वाहतूक करायची, पसरायची, आणि ती माती पिकाला येईपर्यंतची वर्षे काढायची. अर्धा फूट काळी माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात, ते पंचनाम्याच्या कागदात कुठे लिहायचे?

मदत मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मदत ही माती गेल्यानंतरची गोष्ट आहे. माती जाऊ नये म्हणून खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सरकारी उत्तर जुन्या सातबाऱ्यावर सापडते. इतर हक्काच्या रकान्यात कितीतरी जणांच्या आजोबांच्या नावापुढे ‘बंडिंगचा बोजा’ लिहिलेला आहे. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली वावरात बांध घातले गेले. खर्चाचा काही भाग सरकारने सोसला, बाकीची रक्कम शेतकऱ्याच्या नावावर कर्ज म्हणून चढली. बांधाने थोपवलेल्या पाण्याचा फायदा खालच्या गावाला झाला, धरणालाही झाला. बोजा मात्र एकट्या वरच्या शेतकऱ्यावर.

आता दुसरीकडे बघा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी फुगली, शहर बुडाले. नंतर मिठीचे पात्र रुंद केले, खोल केले, काठाने भिंती बांधल्या. खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला. तो व्हायलाच हवा होता, माणसे मेली होती. पण मिठीकाठच्या बंगलेवाल्याच्या उताऱ्यावर भिंतीचा बोजा चढला नाही. शहरातली भिंत हे सार्वजनिक काम आणि वावरातला बांध हे खाजगी काम, हा न्याय कुठला?

गाळाचेही तेच. आमच्या वावरातली माती वाहून धरणात बसली. २०१७ ला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे मशीनच्या डिझेलचा खर्च सरकारचा, वाहतूक शेतकऱ्याची. म्हणजे माती गेली फुकट, आणि तीच परत आणायची आपल्या ट्रॅक्टरने, आपल्या पैशाने! वावरातून ती जाऊच नये यासाठी आधी पैसा लावला असता तर धरणही वाचले असते आणि वावरही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या शेताचा बांध शेतकऱ्यानेच घालावा, फायदा त्याचाच आहे. अर्धे खरे आहे. ओल माझ्या कपाशीला, ज्वारीला मिळते, तेवढा फायदा माझा. लोंढा कमी होतो, धरणात गाळ कमी जातो, खालचा पूल टिकतो, हा फायदा दुसऱ्याचा. ज्याचा जेवढा फायदा, त्याचा तेवढा खर्च. यात भीक नाही आणि उपकारही नाही, हा सरळ व्यवहार आहे.

असा व्यवहार झालेला आहे. चंडीगडच्या सुखना तलावात गाळ भरत होता. तो येत होता वरच्या सुखोमाजरी गावाच्या टेकड्यांवरून. १९७० च्या दशकात तिथे शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना हाताशी धरले, गावात छोटी मातीची धरणे बांधली. त्या पाण्यात भूमिहीनासकट प्रत्येक घराचा वाटा ठेवला. गावाने टेकडीवरची मोकाट चराई बंद केली आणि शहराच्या तलावात जाणारा गाळ घटला. वरच्याला पाणी मिळाले म्हणून खालच्याचा तलाव वाचला.

पैसा कुठून आणायचा? वाट महाराष्ट्राने स्वतःच घालून दिली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी १९७५ ला व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या कराच्या पैशातून खेड्यात नालाबांध, पाझर तलाव झाले. तो कर आजही कापला जातो. खालच्याने वरच्याच्या कामाला पैसे द्यायचे, हे तत्त्व राज्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलेले आहे.

मात्र दोन गोष्टी आपणही मान्य केल्या पाहिजेत. पहिली, बांध म्हणजे जादू नव्हे. जमीन आधीच तुडुंब भिजली असेल आणि ढगफुटीसारखा पाऊस आला तर बांधही हात टेकतो. भारी काळ्या जमिनीत समपातळी बांध तर भेगांतून फुटतो आणि फुटला की दुप्पट माती नेतो. तिथे ढाळीचा बांध आणि दगडी सांडवाच लागतो. दुसरी, आपल्यातलेच काही जण दोन तास जास्त मिळावेत म्हणून धुरा नांगरतात, नाला बुजवून त्यात पेरतात. सरकारला जाब विचारायचा तर आधी गावच्या नाल्याला त्याची वाट परत दिली पाहिजे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवतो.

१) उताराला आडवी पेरणी, डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडणे, धुरा राखणे हे आपण आपल्या खर्चाने करू. ढाळीचे बांध, सांडवे, नाल्याचे काम सार्वजनिक खर्चाने व्हावे. त्याचा एक पैसाही सातबाऱ्यावर चढू नये.

२) खाली शहरात पूरसंरक्षक भिंत मंजूर होईल तेव्हा त्याच खोऱ्याच्या माथ्यावरील कामांसाठी त्याच निधीतून वाटा काढावा आणि ती कामे आधी व्हावीत.

३) रस्त्याचा भराव घालून, अरुंद मोरी टाकून ज्याने पाण्याची वाट अडवली, त्याने वरच्या वावराची भरपाई द्यावी. सरकारी खाते असो की ठेकेदार.

४) खरडलेल्या जमिनीचा पंचनामा हेक्टरावर न करता गेलेल्या मातीच्या थरावर, ब्रासवर व्हावा.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील नाल्यांचा हाताने काढलेला नकाशा आणावा. कुठे बुजला, कुठे मोरी तुंबते, कोणत्या वावरातून किती माती गेली, ते त्यावर मांडावे. जुना सातबारा घरात असेल तर तोही आणा. बंडिंगच्या बोजाची ती नोंद आमच्या मागणीचा पहिला पुरावा आहे: आमच्या आजोबांनी पूर अडवायचे पैसे भरले आहेत. आता पाळी खालच्यांची.