आधी खांदा, मग पेन्सिल

महिन्यापूर्वी एक आई पावणेचार वर्षांच्या लेकाची वही घेऊन आली. पानभर ठिपक्यांचे ‘अ’. पहिल्या दोन ओळी त्यानं कशाबशा गिरवल्या होत्या. तिसरीत पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला होता. ‘‘बाई, लिहायचा भारी कंटाळा करतो हो,’’ आई म्हणाली. मी त्याला आवारातल्या आडव्या दांडीला लटकायला सांगितलं. दोन आकडे मोजेपर्यंत हात सुटले.

कंटाळा कसला, हात थकत होता त्याचा.

मूल आधी मान सावरतं, मग पाठ, मग खांदे. बोटांची पाळी सगळ्यात शेवटी. मनगटातली आठही हाडं जन्माच्या वेळी नुसती कूर्चा असतात. ती सगळी घट्ट व्हायला नऊ-दहा वर्षं सहज जातात. खांदा डगमगत असेल तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं आणि मानेनं, दंडानं, बाहेर काढलेल्या जिभेनंसुद्धा लिहितं. खांद्यात बळ येतं ते रांगून, चढून, लटकून. गिरवून नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लिहूनच ठेवलंय: तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाला निदान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० तरी चांगली धावपळीची. आपल्याकडे तीन तासांच्या बालवर्गात पोरं बहुतेक वेळ मांडी घालून बसतात. का, तर वही भरलेली दिसली नाही की पालकांना फी वाया गेल्यासारखी वाटते. आम्ही शिक्षकही काही साव नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच ढीगभर वह्या भरून घेतल्यात.

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला दिला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी. १९४५ मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. खडे, पानं, बिया, माती, जे हाताशी सापडेल ते साधन. तो शब्द आज गावोगावच्या पाट्यांवर आहे. आत मात्र अनेक ठिकाणी भाड्याची एक खोली. खासगी बालवर्गांचं तर बोलायलाच नको, त्यातले काही चक्क दुसऱ्या मजल्यावर.

त्या आईला मी मटार आणायला सांगितलं. हसू नका. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबायचा, पहिल्या दोन बोटांनी तिला आधार द्यायचा, टचकन उघडली की एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा. पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात, आणि वाटाणे कोणी तपासून लाल शेरा मारत नाही. कणकेचा गोळा द्या, ओली फडकी पिळायला द्या, भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या. पसारा होईल, होऊ दे. बाहेर नेलंत तर चढू द्या; ‘पडशील!’ म्हणून दर मिनिटाला ओरडू नका, जवळ उभ्या राहा.

आणि वही? ती मी ठेवून घेतली. घरी आजोबा रागावले म्हणे.

काल तो पठ्ठ्या अकरा आकडे लटकला. वही अजून माझ्याच कपाटात आहे.