फोटो काळा-पांढरा, पण शाई कोणती?

जुने फोटो स्कॅन करून, दुरुस्त करून मोठे छापून द्यायचा व्यवसाय अनेकांच्या डोक्यात असतो. मार्वेहून बोटीने मनोरीला जा. तिथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत आजी-आजोबांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत आणि बाहेर समुद्राची खारी, दमट हवा आहे. म्हणजे काम आहे. पण तुम्ही छापलेला फोटो टिकणार का?

माझं मत स्पष्ट आहे. भिंतीवर लागणारा फोटो डाय शाईत छापून ‘कायमचा’ म्हणून विकू नका.

डाय शाईत रंग विरघळलेला असतो. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला लवकर उडवतात. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कितीतरी जास्त टिकतात. काळ्या पिगमेंटमध्ये कार्बन असतो, म्हणजे काजळीच. जुन्या पोथ्यांची अक्षरं आजही काळी दिसतात ती काजळीच्या शाईमुळे!

इथे एक फसगत होते. चार रंगांच्या काही टँक प्रिंटरवर ‘पिगमेंट ब्लॅक’ लिहिलेलं असतं. पण ग्लॉसी पेपरवर ते प्रिंटर बहुधा तो काळा वापरतच नाहीत, तीन डाय रंग मिसळून काळा बनवतात. त्यातला एक आधी उडाला की आजीचा चेहरा हिरवट नाहीतर लालसर दिसतो. रंगीत फोटोत हे खपून जातं, काळ्या-पांढऱ्यात लगेच डोळ्यावर येतं.

मग काय घ्यायचं? एप्सन श्युअरकलर पी ७०० किंवा कॅनन इमेजप्रोग्राफ प्रो-३०० मध्ये काळ्यासोबत राखाडी पिगमेंट शाईही असते. पण सुरुवातीलाच घेऊ नका. मशीन महाग, आणि काम नसलं की नोझल तुंबतात. आधी ऑर्डर घ्या, शहरातल्या लॅबमधून पिगमेंट शाईत, ॲसिडमुक्त कागदावर छापून आणा. दर आठवड्याला काम येऊ लागलं की मगच मशीन. आणि डायच्या टँकमध्ये पिगमेंट ओतायचा जुगाड अजिबात नको.

विश्वास बसत नसेल तर दोन्ही शायांच्या पट्ट्या छापा, अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि दोन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवा. तीच पट्टी गिऱ्हाईकाला दाखवा.

“लोक स्वस्तच मागतात,” असं तुम्ही म्हणाल. मग दोन दर ठेवा: बंद अल्बमसाठी डाय, भिंतीसाठी पिगमेंट आणि काचेची फ्रेम. फोटोमागे शाई, कागद आणि तारीख लिहून द्या. निवड गिऱ्हाईकाची, पण माहिती खरी.

मनोरीसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. एक हिरवट पडलेला फोटो दहा ऑर्डर घालवतो, आणि टिकलेला फोटो तुमच्यासाठी भिंतीवरून रोज जाहिरात करतो.